घराची सांगितलेली किंमत, प्रस्ताव आणि मध्यस्थ : पुनर्विक्रीच्या व्यवहारातील वाटाघाटींचे विवेचन

प्रस्तावना

मंडईत भाजी घेताना होणारी घासाघीस आणि घर घेताना होणारी घासाघीस या वरकरणी सारख्या दिसल्या तरी त्यांत मूलभूत फरक आहे. मंडईत ग्राहक आणि विक्रेता समोरासमोर उभे असतात, शेजारच्या गाळ्यावरचा भाव दोघांनाही ऐकू येतो आणि आज झालेली चूक उद्या सुधारता येते. घराचा व्यवहार मात्र मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करते. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पतसंस्थेचे कर्ज आणि पुढील १५ ते २० वर्षांच्या हप्त्यांची बांधिलकी हे सारे एका आकड्याशी निगडित असते. हा आकडा ठरत असताना खरेदीदार आणि विक्रेता बहुधा एकमेकांशी बोलतही नसतात. दोघांमध्ये इस्टेट एजंट असतो आणि दोघांनाही परस्परांविषयी जे कळते ते त्याच्याच तोंडून कळते.

महाराष्ट्रातील गुरांच्या बाजारांत पूर्वी 'हत्ता' पद्धत रूढ होती. रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविला जाई. दलालाला दोन्ही बाजूंचे आकडे कळत, शेतकऱ्याला मात्र शेवटचा आकडा तेवढा कळे. शेतमालाच्या नियंत्रित बाजारपेठांनी ही पद्धत मोडून उघड लिलावाचा आग्रह धरला, त्यामागे हेच कारण होते. घरांच्या पुनर्विक्रीचा बाजार आजही बऱ्याच अंशी रुमालाखालीच चालतो.

प्रस्तुत लेखात सांगितलेली किंमत, प्रस्ताव आणि मध्यस्थ या तीन घटकांचे कायदेशीर व आर्थिक स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचन महाराष्ट्रातील शहरांमधील जुन्या सदनिकांच्या पुनर्विक्रीपुरते मर्यादित आहे. बांधकाम व्यावसायिकाकडून नवी सदनिका घेण्याचे प्रश्न वेगळे असून त्यांचा येथे केवळ आवश्यक तेथे उल्लेख केला आहे. घराची अंतिम किंमत ही बोलण्यातील चातुर्यापेक्षा कोणाजवळ कोणती माहिती आहे यावर अधिक ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. सांगितलेली किंमत : कायद्याच्या दृष्टीने

वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीत 'अपेक्षित किंमत ९५ लाख' असे छापलेले असते किंवा एजंट फोनवर "मालकांची अपेक्षा ९५ची आहे, बसल्यावर थोडे कमी-जास्त होईल" असे सांगतो. हा आकडा म्हणजे मालकाने दिलेला विक्रीचा प्रस्ताव आहे, असे अनेकांना वाटते. कायद्याच्या दृष्टीने तसे नाही. सांगितलेली किंमत हे केवळ प्रस्तावासाठी दिलेले निमंत्रण असते. प्रस्ताव खरेदीदाराकडून येतो आणि तो स्वीकारावा की नाकारावा हे विक्रेता ठरवितो.

या संदर्भात दोन निवाडे उद्बोधक आहेत. 'हार्वे विरुद्ध फेसी' (१८९३) या जमैकातील प्रकरणात खरेदीदाराने तारेने दोन गोष्टी विचारल्या होत्या : मालमत्ता विकणार का आणि कमीत कमी किंमत किती. मालकाने फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले, '९०० पौंड'. खरेदीदाराने ते मान्य असल्याचे कळविले. तरीही करार झालेला नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने दिला. कारण कमीत कमी किंमत सांगणे म्हणजे त्या किमतीला विकण्याचे वचन देणे नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 'मॅकफर्सन विरुद्ध अपण्णा' (१९५१) या खटल्यात हेच तत्त्व लागू केले. कुर्गमधील एका बंगल्याच्या त्या व्यवहारात १०,००० रुपयांपेक्षा कमी घेणार नाही, असे मालकाने मध्यस्थामार्फत कळविले होते. या उत्तराला न्यायालयाने विक्रीचा प्रस्ताव मानले नाही.

दुसरी बाब प्रतिप्रस्तावाची. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७ नुसार स्वीकृती निरपवाद आणि बिनशर्त असावी लागते. "८८ मान्य, पण पार्किंगचे दोन लाख वेगळे" हे उत्तर स्वीकृती नसून नवा प्रस्ताव होय. 'हाइड विरुद्ध रेंच' (१८४०) या इंग्लंडमधील खटल्यात विक्रेत्याने १,००० पौंडांना शेत देऊ केले, खरेदीदाराने ९५० पौंड सांगितले आणि विक्रेत्याने ते नाकारले. त्यानंतर खरेदीदार १,००० पौंड देण्यास तयार झाला. परंतु प्रतिप्रस्तावामुळे मूळ प्रस्ताव संपुष्टात आला असल्याने करार झाला नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, 'मागच्या आठवड्यात त्यांनी ९० म्हटले होते' यावर कोणालाही विसंबता येत नाही. जो आकडा नाकारला गेला तो संपला.

२. पहिल्या आकड्याचा प्रभाव

कायद्याने बंधनकारक नसलेला हा आकडा मनावर मात्र खोल परिणाम करतो. टव्हर्स्की आणि कान्हमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेल्या विवेचनानुसार अंदाज बांधताना माणूस समोर आलेल्या पहिल्या संख्येला नांगरासारखा धरून राहतो आणि तिच्यापासून पुरेसा दूर जात नाही. घराच्या किमतीबाबत याची चाचणी नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी अमेरिकेतील टुसान शहरात घेतली (१९८७). विद्यार्थी आणि व्यावसायिक इस्टेट एजंट अशा दोन्ही गटांना त्यांनी प्रत्यक्ष घर दाखविले, त्याची सविस्तर माहितीही दिली. मात्र वेगवेगळ्या सहभागींना सांगितलेली किंमत वेगवेगळी होती. ज्यांना मोठा आकडा दिला त्यांचा घराच्या मूल्याचा अंदाजही मोठा निघाला. विशेष म्हणजे हा परिणाम तज्ज्ञ एजंटांवरही झाला आणि सांगितलेल्या किमतीचा आपण विचार केला होता, हे बहुतेक एजंटांनी मान्य केले नाही.

या परिणामाचा सर्वांत सामान्य आविष्कार म्हणजे 'मध्यावर भेटू' हे सूत्र. समजा, विक्रेत्याने ९५ लाख सांगितले आणि खरेदीदाराने ८० लाखांपासून सुरुवात केली, तर मध्य ८७.५ लाख येतो. तेच विक्रेत्याने आरंभी ९९ लाख सांगितले असते तर मध्य ८९.५ लाख झाला असता. घर तेच, खरेदीदाराचा पहिला आकडा तोच. फक्त विक्रेत्याने एक वाक्य वेगळे उच्चारल्यामुळे दोन लाखांचा फरक पडला. मध्य काढणे न्याय्य वाटते. परंतु ज्या दोन टोकांचा मध्य काढायचा ती टोकेच मनमानी असतील तर त्यांचा मध्यही मनमानीच ठरतो. म्हणून पहिला प्रस्ताव सांगितलेल्या किमतीतून काही टक्के वजा करून ठरवू नये. तो स्वतंत्र पुराव्यावरून ठरवावा आणि त्यासोबत कारणही सांगावे. कारणासहित दिलेला आकडा मनाविरुद्ध असला तरी विक्रेता त्याचा विचार करतो. निव्वळ कमी आकड्याने तो दुखावतो.

३. वाटाघाटीचा पट्टा

प्रत्येक विक्रेत्याच्या मनात एक किमान किंमत असते, जिच्या खाली तो विकणार नाही. प्रत्येक खरेदीदाराच्या मनात एक कमाल किंमत असते, जिच्या वर तो जाणार नाही. या दोन राखीव किमतींमधील अंतर म्हणजे वाटाघाटीचा पट्टा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातील कोथरूड भागातील एका जुन्या सदनिकेची सांगितलेली किंमत ९५ लाख आहे. विक्रेत्याची राखीव किंमत ८६ लाख आणि खरेदीदाराची ९० लाख आहे. व्यवहार होण्यास काहीच अडचण नाही. ८६ ते ९० मधील कोणत्याही आकड्याला दोघांचेही समाधान होईल. वाद आहे तो या चार लाखांची वाटणी कशी व्हावी एवढाच.

ही वाटणी दुसऱ्याची राखीव किंमत कोणाला कळते यावर ठरते. विक्रेता ८६ पर्यंत उतरेल हे खरेदीदाराला कळले तर सौदा ८६ च्या आसपास होईल. खरेदीदार ९० पर्यंत चढेल हे विक्रेत्याला कळले तर ९० च्या आसपास. म्हणूनच "साहेब, तुमचे बजेट किती?" आणि "फायनल किती पर्यंत जाल?" हे एजंटाचे पहिले दोन प्रश्न असतात. ते गैर नाहीत, कारण त्याशिवाय त्याला योग्य घरे दाखविता येणार नाहीत. मात्र त्यांना दिलेले उत्तर हे वाटाघाटीतील सर्वांत मौल्यवान गोष्ट देऊन टाकण्यासारखे असते. घरे पाहताना किमतीची व्याप्ती सांगावी. विशिष्ट घरासाठीची कमाल किंमत कोणालाही सांगू नये.

राखीव किंमत कशी ठरवावी, हा पुढचा प्रश्न. ती इच्छेवरून ठरत नाही, पर्यायावरून ठरते. हे घर मिळाले नाही तर आपल्यासमोर कोणते दुसरे घर आहे, त्याची किंमत काय आणि तोवर भाड्याने राहण्याचा खर्च किती, याचा हिशेब म्हणजे राखीव किंमत. ज्याने एकच घर पाहिले आणि तेच मनात भरले, त्याच्याजवळ वाटाघाटीचे साधनच उरत नाही.

४. मध्यस्थाचे हितसंबंध

वरील उदाहरणात एजंट दोन्ही बाजूंकडून प्रत्येकी १ टक्का दलाली घेतो असे मानू. सौदा ८६ लाखांना झाला तर त्याला १.७२ लाख मिळतील आणि ९० लाखांना झाला तर १.८० लाख. खरेदीदार आणि विक्रेता यांच्या दृष्टीने जो फरक चार लाखांचा आहे, तो एजंटाच्या दृष्टीने ८,००० रुपयांचा आहे. याउलट सौदा फिसकटला तर तो पावणेदोन लाखांच्या सुमारास कमाई गमावतो. त्यामुळे किंमत कितीही ठरो, सौदा लवकर पुरा होणे हेच त्याच्या हिताचे असते. यात त्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. मोबदल्याची रचनाच तशी आहे.

या अनुमानाला अनुभवजन्य आधारही आहे. लेविट आणि सिव्हर्सन (२००८) यांनी अमेरिकेतील शिकागो परिसरातील सुमारे १ लाख घरविक्रींचा अभ्यास केला. एजंटांनी स्वतःच्या मालकीची विकलेली घरे इतरांच्या तुलनीय घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली आणि ती सुमारे ९.५ दिवस अधिक काळ बाजारात राहिली. स्वतःच्या घरासाठी एजंट थांबतो, ग्राहकाला मात्र आलेला प्रस्ताव घेण्याचा सल्ला देतो, असा याचा मथितार्थ. अमेरिकेतील दलालीची रचना आपल्याहून वेगळी असल्याने हे आकडे जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाहीत. प्रेरणेची दिशा मात्र समान आहे.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. एकच एजंट बहुधा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो आणि तो नेमका कोणाचा प्रतिनिधी आहे हे कागदावर कोठेही नसते. करार अधिनियमाच्या २११ ते २२० या कलमांत अभिकर्त्याची कर्तव्ये सविस्तर दिली आहेत. विक्रीसाठी सोपविलेली मालमत्ता अभिकर्त्याने दुसऱ्याच्या नावाने स्वतःच विकत घेतली तर काय, याचे उदाहरण कलम २१५ मध्ये आहे. घर मिळत नाही असे सांगून ते स्वतःच घेणाऱ्या अभिकर्त्याचे उदाहरण कलम २१६ मध्ये आहे. गैरवर्तन केलेल्या कामाबद्दल अभिकर्त्याला मोबदला मागता येत नाही, असे कलम २२० सांगते. परंतु या संरक्षणाचा लाभ घ्यायचा तर आपण नेमणूक केली होती हे सिद्ध करावे लागते. काही व्यवहारांत मालक 'मला नेट ८६ द्या' असे सांगतो आणि वरची रक्कम एजंटाकडे राहते. अशा वेळी दोन्ही पक्षांना खरी किंमत कळत नाही आणि त्यांची थेट भेट टाळण्याकडे एजंटाचा कल असतो.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ मुळे नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची झाली आणि महारेराने २०२३ पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली. तथापि या अधिनियमाच्या कलम ९ मधील सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीशी निगडित आहे. २५-३० वर्षांपूर्वीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेच्या पुनर्विक्रीला तिचे छत्र सामान्यतः मिळत नाही. तेथे लेखी करारपत्र हेच संरक्षण. दलाली किती, कोणाकडून आणि कोणत्या टप्प्यावर देय, एजंट दोन्ही बाजूंकडून घेणार आहे काय, एवढ्या तीन बाबी एका पानावर लिहून घेतल्या तरी बरेचसे वाद टळतात.

५. पुराव्यातून किंमत

रुमाल दूर करण्याचे एक प्रभावी साधन महाराष्ट्रात उपलब्ध आहे आणि तरीही त्याचा वापर कमी होतो. नोंदणी व मुद्रांक विभागाकडे नोंदविलेल्या प्रत्येक दस्ताची 'सूची क्रमांक दोन' तयार होते. तीत मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख नमूद असते आणि विभागाच्या संकेतस्थळावरील ई-शोध सुविधेतून ती पाहता येते. त्याच इमारतीतील किंवा शेजारच्या इमारतीतील गेल्या वर्षभरातील तीन-चार दस्त पाहिले, तर सांगितलेल्या किमतीपेक्षा कितीतरी विश्वसनीय आधार हाती येतो.

तुलना करताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले क्षेत्रफळाचे. ९५ लाखांची सदनिका ९०० चौरस फूट 'सुपर बिल्ट-अप' सांगितली तर दर सुमारे १०,५५५ रुपये पडतो. परंतु तिचे चटई क्षेत्र ६५० चौरस फूट असेल तर खरा दर सुमारे १४,६१५ रुपये होतो. सर्व तुलना चटई क्षेत्रावरच करावी. दस्तात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असते (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट) आणि जुन्या दस्तांत ते बहुधा बांधीव क्षेत्र असते, हे ध्यानात ठेवावे. दुसरे पथ्य म्हणजे नोंदलेला मोबदला नेहमीच संपूर्ण मोबदला असतो असे नाही. काही व्यवहारांत रकमेचा एक भाग रोखीत दिला जातो, त्यामुळे नोंदलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. म्हणून एका दस्तावर न विसंबता अनेक दस्तांचा कल पाहावा.

रोखीच्या मागणीला होकार देण्यापूर्वी तिचे परिणाम समजून घेतले पाहिजेत. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणापोटी २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम, आगाऊ असली तरी, रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई केली आहे. शिवाय रोख रकमेवर कर्ज मिळत नाही आणि सौदा मोडल्यास ती परत मिळविण्यास पुरावा नसतो. पुढे घर विकताना खरेदीची किंमत कागदावर कमी दिसत असल्याने नफा फुगतो आणि त्यावरील कर वाढतो. रोखीमुळे किंमत कमी झाल्याचा भास तेवढा होतो. प्रत्यक्षात कर आणि जोखीम खरेदीदाराच्या खांद्यावर सरकते.

घासाघिशीला शासकीय दरांचीही एक खालची मर्यादा आहे. शासनाचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, जो 'रेडी रेकनर' म्हणून परिचित आहे, त्यानुसार येणारे मूल्य आणि प्रत्यक्ष मोबदला यांतील जे अधिक असेल त्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. जुन्या इमारतींना वयानुसार घसारा मिळतो, तो मूल्य काढताना विसरू नये. २००२ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात आलेल्या कलम ५० सी नुसार विक्रेत्याचा भांडवली नफाही याच मूल्यावर मोजला जाऊ लागला; २०१३ च्या वित्त अधिनियमाने खरेदीदारालाही कमी दाखविलेल्या रकमेवर कर लागू झाला. २०२० च्या वित्त अधिनियमाने या दोहोंसाठी १० टक्क्यांची सूट दिली आणि प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये या तरतुदींचे तत्त्व कायम ठेवण्यात आले आहे.

आपल्या उदाहरणातील सदनिकेचे शासकीय मूल्य ९२ लाख असेल, तर ८८ लाखांच्या सौद्याला अडचण नाही, कारण ८८ लाखांच्या ११० टक्के म्हणजे ९६.८ लाख होतात. मात्र सौदा ८० लाखांना झाला तर ही मर्यादा ८८ लाखांवर येते, शासकीय मूल्य तिच्याहून अधिक ठरते आणि १२ लाखांच्या फरकावर दोन्ही बाजूंना कराचा भार सोसावा लागू शकतो. खूप खाली उतरविलेली किंमत नेहमीच फायद्याची नसते.

खरेदीदाराने शेवटी हिशेब मांडायचा तो एकूण खर्चाचा. पुणे महानगरपालिका क्षेत्रात २०२५ साली पुरुष खरेदीदाराला उपकरांसह ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये, नोंदणी फी लागत होती. (केवळ महिलेच्या नावे निवासी खरेदी असल्यास १ एप्रिल २०२१ पासून १ टक्क्याची सवलत आहे.) ८८ लाखांच्या सौद्यात शुल्क ९२ लाखांवर म्हणजे ६.४४ लाख, नोंदणी फी ०.३० लाख आणि दलाली ०.८८ लाख धरली तर एकूण खर्च ९५.६२ लाख होतो. सात लाख उतरवून घेतल्याच्या समाधानात असलेल्या खरेदीदाराला प्रत्यक्षात सांगितलेल्या किमतीहून अधिक रक्कम उभी करावी लागते. हा हिशेब पहिल्या प्रस्तावापूर्वी व्हायला हवा. तो बहुधा नोंदणीच्या आदल्या आठवड्यात होतो.

६. प्रस्ताव आणि टोकन

तोंडी प्रस्ताव मध्यस्थामार्फत जाताना बदलतो. 'कर्ज मंजूर झाल्यास ८७' हे वाक्य पलीकडे पोहोचेपर्यंत '८७ पक्के' होऊ शकते. यासाठी प्रस्ताव लेखी असावा, मग तो एका परिच्छेदाचा का असेना. त्यात किंमत, तीत काय काय समाविष्ट आहे (पार्किंग, बसविलेले फर्निचर, संस्थेची थकबाकी कोणाकडे), देयकाचे टप्पे, ताबा देण्याची तारीख आणि प्रस्ताव किती दिवस खुला आहे, हे नमूद करावे. सहकारी संस्थेच्या हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाने २५,००० रुपये ठरविलेली आहे. 'स्वेच्छा देणगी'च्या नावाखाली अधिक मागणी होण्याची शक्यता लक्षात घेऊन तो भार कोणाकडे हेही आधीच लिहावे.

"आणखी एक पार्टी आहे, उद्या टोकन देणार आहेत" हे वाक्य घर शोधणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. ते खरेही असू शकते. परंतु दुसरा ग्राहक असल्याने आपल्या पर्यायांचा हिशेब बदलत नाही. राखीव किंमत ठरलेली असेल तर उत्तर सोपे असते : प्रस्ताव तोच, त्याची मुदत तीच. पितृपक्षात शांत असलेला बाजार दसरा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांच्या आसपास गजबजतो. ज्याला मुहूर्ताची घाई नाही त्याने शांत काळात बोलणी करणे हिताचे.

टोकन किंवा विसार देताना सर्वाधिक घाई होते आणि सर्वाधिक तंटे येथेच उद्भवतात. विसार रक्कम जप्त करण्याला मर्यादा आहेत. 'फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास' (१९६३) या दिल्लीतील मालमत्तेच्या खटल्यात खरेदीदाराने १,००० रुपये विसार आणि नंतर २४,००० रुपये दिले होते. करार अधिनियमाच्या कलम ७४ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने विसाराचे १,००० रुपये राखून ठेवणे मान्य केले. मात्र २४,००० रुपये केवळ करारात कलम आहे म्हणून जप्त करता येणार नाहीत, असे ठरविले. तरीही न्यायालयात जाऊन पैसे मिळविण्यापेक्षा पावतीतच अटी लिहिणे शहाणपणाचे. मालकी हक्काचा शोध निर्दोष न निघाल्यास किंवा ठरलेल्या दिवसांत गृहकर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत मिळेल, अशा दोन ओळी पावतीवर असाव्यात. पावती मालकाच्या सहीची असावी, एजंटाच्या नव्हे आणि रक्कम मालकाच्या बँक खात्यातच जमा करावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, मग टोकनच्या पावतीने तो कोठून होणार?

७. विक्रेत्याची बाजू

आतापर्यंतचे विवेचन बरेचसे खरेदीदाराच्या अंगाने झाले. परंतु निवृत्तीनंतर घर विकून मुलांजवळ राहायला जाणारा प्राध्यापकही याच बाजारात उभा असतो. त्याची अडचण वेगळी असते. जेनेसोव्ह आणि मेयर (२००१) यांनी १९९० च्या दशकातील बॉस्टनमधील सदनिकांचा अभ्यास केला. खरेदी किमतीपेक्षा कमी किंमत मिळण्याची शक्यता असलेल्या मालकांनी, त्या संभाव्य तोट्याच्या २५ ते ३५ टक्के इतकी सांगितलेली किंमत वाढवून ठेवली होती. त्यांची घरे विकली जाण्यास अधिक काळ लागला. आपण किती पैसे घातले, गच्चीवरची फरशी किती खर्चून बसविली, याच्याशी बाजाराला कर्तव्य नसते. विक्रेत्याने खरेदीदाराप्रमाणेच सूची क्रमांक दोनवरून किंमत ठरवावी, राखीव किंमत एजंटाला सांगू नये आणि आलेला प्रत्येक प्रस्ताव लेखी कळविण्याची अट त्याच्या करारपत्रात घालावी. एजंटाने त्याच्याच माहितीतील ग्राहकासाठी अन्य प्रस्ताव दडवून ठेवू नयेत, यासाठी ही अट उपयुक्त आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) सांगितलेली किंमत कायद्याने कोणालाही बांधत नाही; मात्र ती दोन्ही पक्षांच्या विचारांना बांधून टाकते. म्हणून तिच्यापूर्वी स्वतःचा पुरावा गोळा करणे आवश्यक आहे.

२) मध्यस्थाचे हित सौदा होण्यात आहे, विशिष्ट किमतीत नाही. त्याच्या सेवेचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु आपली राखीव किंमत त्याच्या हाती देऊ नये.

३) नोंदणीकृत दस्तांची माहिती सर्वांना खुली असणे ही महाराष्ट्रातील खरेदीदार-विक्रेत्यांची मोठी जमेची बाजू आहे. रोखीच्या व्यवहारांमुळे ती दूषित होते, हे तिचे मुख्य वैगुण्य होय.

४) पुनर्विक्रीतील मध्यस्थांनाही नोंदणी, लेखी नेमणूक आणि दोन्ही बाजूंच्या दलालीचे प्रकटीकरण यांची सक्ती व्हावयास हवी. नव्या प्रकल्पांना जे संरक्षण मिळाले ते जुन्या घरांच्या ग्राहकाला नाकारण्याचे तात्त्विक कारण दिसत नाही.

शेतकऱ्याच्या मालाचा भाव उघड्यावर बोलला जावा, हे आपल्या समाजाने मान्य केले. घराच्या किमतीबाबत तो दिवस येईपर्यंत प्रत्येक कुटुंबाला रुमालाखाली काय चालले आहे याची चौकशी स्वतःच करावी लागेल. त्यासाठी लागणारी कागदपत्रे उपलब्ध आहेत. ती पाहण्यास एक दुपार पुरते आणि त्या दुपारीवर पुढील १५-२० वर्षांच्या हप्त्याचा आकडा अवलंबून असतो.